खोडदला जो नॉइज, तोच अंबडला सिग्नल

प्रश्न नाशिकच्याच एका मुलीचा आहे, एमएससी फिजिक्सचं पहिलं वर्ष. थोडक्यात असा: खगोलशास्त्र आवडतं पण घरी विचारतात त्यात नोकरी कुठंय, वर्गातले निम्मे वायरलेस आणि फाईव्ह-जीचे कोर्स लावून बसलेत, मोठा भाऊ म्हणतो नोकरीच्या मागे कशाला लागतेस, स्टार्टअप टाक. तर यातलं धरायचं काय, आणि नाशिकमध्ये राहून काही जमतं का की पुणं-बंगळुरूच गाठावं लागतं.

मी स्वतः फिजिक्सच केलं, मग अँटेना आणि रिसीव्हरच्या कामात शिरले ती आजतागायत त्यातच आहे, आता अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आणि थोडं एकतर्फीही असणार, चालवून घे.

पहिलं म्हणजे फिजिक्स, खगोल, वायरलेस आणि धंदा ह्या चार वेगळ्या लाईनी नाहीयेतच गं. रेडिओवर काम करणाऱ्याला दिवसभर एकच उद्योग असतो, नॉइजच्या ढिगातून बारीकसा सिग्नल बाहेर काढायचा, मग तो आकाशगंगेचा असो, मोबाईल टॉवरचा असो नाहीतर एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटातला असो. आणि गंमत अशी की एकाने नॉइज म्हणून टाकून दिलेलंच दुसऱ्याच्या कामाचं निघतं. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच तसा झालाय. १९३० च्या आसपास अमेरिकेत बेल लॅब्सने कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला काम दिलं की अटलांटिकपलीकडच्या रेडिओ फोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध. त्याने २०.५ मेगाहर्ट्झची गोल फिरणारी भलीमोठी अँटेना उभारली. जवळच्या विजांची खरखर सापडली, लांबच्या वादळांची सापडली, आणि तिसरी एक बारीक खसखस उरली जी रोज साधारण ४ मिनिटं लवकर यायची. सूर्याचा दिवस २४ तासांचा पण ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा, म्हणजे हे प्रकरण पृथ्वीवरचं नाही आणि सूर्याचंही नाही. १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं की हे आकाशगंगेच्या मध्याकडून येतंय. कंपनीला त्याचा फोनसाठी काही उपयोग नव्हता, त्याला पुढे दुसऱ्या कामाला लावलं. आज रेडिओ स्रोत किती तेजस्वी आहे ते आपण जान्स्की ह्याच एककात मोजतो. पेन्झियास आणि विल्सन ह्या दोन शास्त्रज्ञांचंही तेच, १९६४ मध्ये त्याच कंपनीच्या हॉर्न अँटेनात साडेतीन केल्व्हिनच्या आसपास (रेडिओवाले नॉइज तापमानात मोजतात) जास्तीचा नॉइज येत होता, कबुतरांची घाण साफ करूनसुद्धा जाईना, तो विश्वाच्या सुरुवातीचा उरलेला उजेड निघाला आणि १९७८ चं नोबेल मिळालं.

आता आपल्याकडे ये. नाशिक-पुणे हायवेने सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करत नारायणगावला पोचलीस की डावीकडे आत खोडद. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, साधारण २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. भरीव पत्रा नाही, बारीक स्टीलच्या तारांची जाळी दोरांवर ताणलेली, म्हणून तर एवढ्या मोठ्या डिश आपल्या बजेटमध्ये बसल्या. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचा जुना मार्ग ह्या दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून बदलायचं ठरलं, त्यावर आपल्याकडे चिडलेले लोक मला माहितीयेत, पण ती दुर्बीण ऐकते ते सिग्नल किती बारीक असतात हे कळलं की चीड जरा कमी होते. तुझ्या मोबाईलचा सिग्नल तिच्यापुढे म्हणजे कानाशी लावलेला ढोल आहे.

खोडदच्या लोकांची जुनी डोकेदुखी म्हणजे आजूबाजूच्या विजेच्या लाईन. कुठे इन्सुलेटर चिरलेला, कुठे बांधणीची तार सैल, तिथे बारीक ठिणग्या उडत राहतात आणि प्रत्येक ठिणगी रेडिओत शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरते. हा नॉइज ओळखायची खूण सोपी, तो ५० हर्ट्झच्या तालावर येतो, व्होल्टेज शिखराला गेलं की पुंजका, मग शांत, मग उलट्या शिखराला परत, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला. (कोरड्या हवेत हा जास्त, पाऊस पडला की सैल जोडातला बराचसा गप्प होतो कारण फट ओली होऊन तिथे व्होल्टेज टिकत नाही. तारेभोवतीच्या हवेत होणाऱ्या कोरोना डिस्चार्जचं मात्र उलटं, तो पावसात वाढतो.) खगोलवाले हा नॉइज ओळखून डेटातून काढून टाकायला फिल्टर बनवतात.

आणि इकडे सातपूर-अंबडला बघ. नाशिक म्हणजे स्विचगिअर, सीटी-पीटी (करंट आणि व्होल्टेज मोजायचे छोटे ट्रान्सफॉर्मर), मोठे ट्रान्सफॉर्मर यांचं गाव. एपॉक्सीच्या कास्टिंगमध्ये हवेचा सुईच्या टोकाएवढा बुडबुडा राहिला तर हाय व्होल्टेजला त्या बुडबुड्यात अशाच ठिणग्या पडतात, पार्शल डिस्चार्ज म्हणतात, सगळे पीडी म्हणतात. आज काही होत नाही, दोन-पाच वर्षांनी इन्सुलेशन खाऊन खाऊन एक दिवस पॅनल फुटतं. पीडीचा पल्स नॅनोसेकंदांचा, म्हणजे रेडिओत ३०० मेगाहर्ट्झच्या वर आरामात दिसतो, आणि तोही ५० हर्ट्झच्या तालावरच. म्हणजे खोडदला जे फेकून देतात तेच इथे मोजायचे पैसे मिळतात! आमच्या कामाचा बराच भाग हाच आहे.

आता यात खगोलशास्त्र कुठं कामाला येतं ते सांगते, कारण तुला हे पुस्तकात जोडून कोणी सांगणार नाही. कारखान्यात क्रेन चालू, वेल्डिंग चालू, मोबाईलचे ९०० आणि १८०० चे टॉवर डोक्यावर, त्यात तो पल्स कुठे दिसणार. पल्सार, म्हणजे ठरलेल्या तालात रेडिओ पल्स पाठवणारे फिरते तारे, शोधणारे काय करतात, त्यांना पिरियड माहिती असला की ते तासन् तासांचा डेटा त्या पिरियडच्या तुकड्यांत कापून एकावर एक रचतात, त्याला फोल्डिंग म्हणतात. रविवार कारंजाच्या गर्दीत एखादा माणूस बरोब्बर ठरलेल्या अंतराने हाक मारत असेल तर एका हाकेत तो ऐकू येणार नाही, पण त्याच त्या क्षणांची रेकॉर्डिंग एकावर एक ठेवली की गर्दी पुसट होते आणि हाक वर येते, तसं. एका मिनिटात ५० हर्ट्झच्या ३००० सायकल, नॉइज खरोखर रँडम असेल तर तो ३००० च्या वर्गमुळाने म्हणजे साधारण ५५ पटीने खाली जातो. फक्त पल्सार घड्याळासारखा पक्का असतो आणि आपली ग्रिड नसते, फ्रिक्वेन्सी थोडी इकडे-तिकडे हलत राहते, म्हणून ताल मनाने ५० धरून चालत नाही, तिथल्याच मेन्समधून घ्यावा लागतो. आणि मोटरचा वेग बदलणारे थायरिस्टरचे ड्राईव्ह चालू असले तर ते पण मेन्सच्याच तालावर, तिथे फोल्डिंगने काही हाती लागत नाही. मग दोन अँटेना लावायच्या आणि पल्स कुठे आधी पोचला ते बघायचं, प्रकाश नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जातो, ३ मीटर अंतरावर दोन अँटेना ठेवल्या तर जास्तीत जास्त १० नॅनोसेकंदांचा फरक, तेवढ्यावरून पल्स कुठल्या पॅनलकडून आला ते कळतं. खोडदच्या ३० डिश किलोमीटरांच्या अंतरावर ज्या तत्त्वाने चालतात त्याचाच हा गावठी अवतार.

पण धंद्याची कडू बाजूही ऐक. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, किती पिको-कूलॉम्ब, म्हणजे ठिणगीत विद्युतभार किती? कारण आयईसी ६०२७० ह्या स्टँडर्डची जुनी पद्धत पिको-कूलॉम्बमध्ये उत्तर देते आणि टेस्ट सर्टिफिकेटवर तोच आकडा हवा असतो. रेडिओच्या पद्धतीने तो आकडा सरळ निघत नाही, सिग्नल कुठल्या वाटेने अँटेनापर्यंत आला त्यावर सगळं अवलंबून. म्हणजे फिजिक्स बरोबर, मशीन बरोबर, तरी पीओ (खरेदीची ऑर्डर) येत नाही. विकायला लागतं ते वेगळंच, "बारा पॅनल आहेत, त्यातलं कुठलं आधी उघडू?" ह्या प्रश्नाचं उत्तर. मेंटेनन्सच्या माणसाला त्याचीच गरज असते, सर्टिफिकेटवाल्याला नसते. हे समजायला भौतिकशास्त्राचा कुठलाच पेपर कामाचा नाही, शॉप फ्लोअरवर उभं राहावं लागतं.

भावाला सांगण्यासारखं म्हणून दोन गोष्टी. वाय-फायची कथा त्याने ऐकली असेल, की ऑस्ट्रेलियात कृष्णविवरं शोधता शोधता वाय-फाय सापडलं. ही कथा अशी सांगितली की फार सोपी वाटते. खरं असं की जॉन ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात स्फोट होऊन संपणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ पल्स शोधले आणि एकही सापडला नाही. पसरलेला, विस्कटलेला सिग्नल गणिताने परत गोळा करायची हातोटी मात्र उरली, आणि १९९० च्या सुरुवातीला सीएसआयआरओ ह्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेत घरातल्या भिंतींवर आपटून विस्कटणाऱ्या रेडिओसाठी तिचा उपयोग झाला, अमेरिकन पेटंट १९९६ चं. मध्ये दीडेक दशक गेलंय आणि ते सरकारी पगारावर गेलंय, कुठल्याही गुंतवणूकदाराच्या पैशावर नाही. त्यातून रॅडियाटा नावाची चिपची कंपनी निघाली आणि सिस्कोने घेतली ते पुढचं. दुसरी गोष्ट क्वालकॉम ह्या मोबाईल चिपच्या कंपनीची, ती मला जास्त आवडते. अँड्र्यू व्हिटर्बी आणि आयर्विन जेकब्स, दोघं कम्युनिकेशन थिअरीतले दादा लोक, व्हिटर्बी तर आधी जेपीएल ह्या नासाच्या प्रयोगशाळेत अंतराळयानांच्या संपर्कावर काम केलेला, १९८५ ला कंपनी काढली. डोक्यात पुढे सीडीएमए (एकाच पट्ट्यात अनेक मोबाईल चालवायची पद्धत) आलं पण पोट भरलं कशावर? ट्रकवर! १९८८ मध्ये त्यांनी सॅटेलाईटवरून ट्रक कुठंय ते कळवणारी आणि ड्रायव्हरला निरोप देणारी सिस्टिम आणली, ट्रकमालकांनी पैसे मोजले, त्या जोरावर सीडीएमएचं काम चालू राहिलं आणि त्याचं स्टँडर्ड १९९३ ला मान्य झालं. भावाला विचार त्याचा ट्रक कुठला आहे.

नाशिक म्हटलं की तो म्हणेल द्राक्षं. प्रत्येक हॅकेथॉनमध्ये द्राक्षबागेचा सेन्सर असतोच, माझा जरा हात आखडता असतो ह्यावर. रेडिओचा भाग आता सोपा झालाय, ८६५ मेगाहर्ट्झच्या लायसन्स नसलेल्या पट्ट्यात लोराचं (थोडा डेटा लांबवर पाठवणाऱ्या रेडिओचं) मॉड्यूल घे आणि लाव. पण दिंडोरी-निफाडच्या बागेत अडचण रेडिओची नसतेच. मांडवाखाली ओली पानं, म्हणून अँटेना मांडवाच्या वर काढायची, पानाचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर बोर्डोच्या फवारणीचा थर बसून तो कायम ओलंच दाखवणार, उंदीर वायर कुरतडणार, आणि शेतकऱ्याला ग्राफ नकोय, त्याला डाऊनी रोगाची फवारणी आज मारू की उद्या एवढंच हवंय, त्याचे पैसेही माल गेल्यावर. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दोन महिने सगळी धावपळ आणि बाकी वर्षभर फोन नाही. करू नये असं नाही म्हणत, चांगलं करणारे लोक आहेत, पण त्यात वायरलेस किती आणि शेतीचा सल्ला किती हे बघून उतर.

शिकायचं काय, तर नॉइज. इंटरव्ह्यूला येणाऱ्या मुलांना मी हमखास विचारते, उणे १७४ म्हणजे काय? फाईव्ह-जीचा कोर्स केलेले बरेच जण गप्प बसतात. २९० केल्व्हिनला, म्हणजे खोलीच्या तापमानाला, १ हर्ट्झ रुंदीत नुसत्या उष्णतेने जेवढा नॉइज येतो तो उणे १७४ डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली ताकद. आता लोराची १२५ किलोहर्ट्झची रुंदी घे, त्याचे ५१ डीबी वाढले, रिसीव्हरचा स्वतःचा ६ धर, झाला उणे ११७. लोराचं सगळ्यात हळू सेटिंग नॉइजच्या २० डीबी खाली असलेला सिग्नलही वाचतं, म्हणजे उणे १३७. आता मॉड्यूलची डेटाशीट उघड, हाच आकडा छापलेला दिसेल. एवढं वहीत स्वतः काढता आलं की तू कोर्सवाल्यांच्या पुढे गेलीस. मग केबल: एलएनएच्या (अँटेनाचा बारीक सिग्नल वाढवणारा कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर) आधी १ डीबीची केबल लावली तर सिस्टिममध्ये ७५ केल्व्हिन नॉइज वाढतो, आणि चांगल्या एलएनएचा स्वतःचा असतो ३५. म्हणजे हजारो रुपयांचा एलएनए आणून तो टेबलावर ठेवला आणि अँटेनापासून लांब केबल ओढली तर पैसे पाण्यात. एलएनए अँटेनाच्या तोंडाशीच.

आणि हे सगळं हाताने शिकायला एकच प्रोजेक्ट पुरतो, हायड्रोजन लाईन, म्हणजे आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा रेडिओ सिग्नल. १४२०.४ मेगाहर्ट्झ, २१ सेंटिमीटर. १९५१ मध्ये हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेलने खिडकीबाहेर हॉर्न काढून पहिल्यांदा पकडली, आज तू गच्चीवर पकडू शकतेस. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून हॉर्न, किंवा भंगारवाल्याकडे मिळणारी जुनी वाय-फायची जाळीची डिश, १४२० चा फिल्टर बसवलेला एलएनए, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लागणारा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), लॅपटॉप. डोंगल क्रिस्टल चांगला असलेलाच घे, टीसीएक्सओवाला, कारण इथे १ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाला ४.७ किलोहर्ट्झ सरक पडते आणि स्वस्तातल्या डोंगलची ३० पीपीएमची चूक म्हणजे ४२ किलोहर्ट्झ, ९ किलोमीटर प्रतिसेकंदाची थाप! कॉलेज रोडच्या गच्चीवर टॉवरमुळे एलएनए गुदमरला तर अंजनेरीकडे नाहीतर इगतपुरीकडे जा, डोंगराची आड मिळते. ढग आले तरी काही बिघडत नाही, २१ सेंटिमीटरची लहर ढगातून आरपार जाते, आपल्या पावसाळ्यात दुसरं कुठलं खगोलनिरीक्षण होतं सांग. उलट पावसाळ्यातच रात्री हंस तारकासमूह डोक्यावर असतो आणि तिथे आकाशगंगेचा पट्टा भरलेला.

आधी कॅलिब्रेशन कर, हे कोणी करत नाही. हॉर्न भिंतीकडे किंवा झाडांकडे रोख, ते साधारण २९० केल्व्हिन, मग मोकळ्या आकाशाकडे, ते १० केल्व्हिनच्या आसपास धर. दोन्हीत ३ डीबीचा फरक आला तर तुझा रिसीव्हर २७० केल्व्हिनचा, ५ डीबी आला तर १२० चा. ह्याला वाय-फॅक्टर म्हणतात आणि कंपनीत एलएनए तपासताना आम्ही तत्त्वाने हेच करतो, फक्त भिंतीऐवजी नॉइज सोर्स असतो. मग आकाशगंगेच्या पट्ट्यावर वेगवेगळ्या ठिकाणी रोख, लाईनचे दोन-तीन उंचवटे दिसतील, ते वेगवेगळे सर्पिल हात, वेगवेगळ्या वेगाने पळणारे. आणि माझी आवडती गोष्ट, तीच जागा सहा महिन्यांनी परत मोज, लाईन सरकलेली असेल, कारण पृथ्वी आता उलटीकडे चाललीय, सेकंदाला ३० किलोमीटरने. कोपर्निकस तुझ्या लॅपटॉपवर. ह्याचा डेटा, गणित आणि काय चुकलं त्याची नोंद असलेली वही घेऊन कोणी माझ्याकडे आलं तर मी मार्कशीट मागत नाही.

रिसर्चची वाट हवी असेल तर आयनॅट आणि जेस्ट ह्या प्रवेशपरीक्षा दे, आयुका आणि जीएमआरटी चालवणारी एनसीआरए ह्या दोन्ही संस्था पुण्यातच. दोघांची मिळून कॉलेजच्या मुलांसाठी हिवाळ्यात रेडिओ खगोलशास्त्राची शाळा असते, तिचा अर्ज चुकवू नकोस, आणि २८ फेब्रुवारीच्या आसपास खोडदला सगळ्यांना प्रवेश असतो तेव्हा एकदा जाऊन रिसीव्हरवाल्यांशी बोल. घरच्यांना नोकरीचं सांगताना हे सांग की एसकेए ह्या अनेक देशांच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीत भारताच्या सहभागाला जानेवारी २०२४ मध्ये १२५० कोटी मंजूर झालेत, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ह्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये २६०० कोटी. हा पैसा सगळा सिद्धांतवाल्यांना जात नाही, मोठा वाटा मशीन बनवणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांना लागतो. थिअरीत जागा कमी आणि गर्दी खूप, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये उलटं.

स्टार्टअपच्या कागदांचं थोडक्यात, कारण यात रस घेण्यासारखं काही नाही. रेडिओ असलेली वस्तू विकायची तर डब्ल्यूपीसीचं ईटीए (सरकारच्या वायरलेस विभागाची मान्यता) लागतं, आधीच मान्यता असलेलं मॉड्यूल वापरलंस तर बराच त्रास वाचतो. २०२१ मध्ये आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडमधून इन्क्युबेटरमार्फत प्रोटोटाईपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळायचं, अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालायची नाही, अशा अटी असतात म्हणून उगीच घाईने कंपनी रजिस्टर करून ठेवू नका. उद्यम नोंदणी करा, कायद्याने छोट्या सप्लायरचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असतात, प्रत्यक्षात किती दिवसांनी येतात ते एमआयडीसीत कुणालाही विचार, तो आधी हसेल. तेवढे महिने पगार निघतील एवढं साधं टेस्टिंगचं, दुरुस्तीचं काम हाताशी असल्याशिवाय प्रॉडक्टच्या मागे लागू नये असं माझं मत. भावाला हे आवडणार नाही.

राहिलं नाशिक की पुणं. पीएचडी करायची तर पुणं, त्याला पर्याय नाही, तिथली माणसं आणि मशीन इथे नाहीत. इंडस्ट्रीसाठी काम करायचं तर नाशिकच बरं, गिऱ्हाईक दहा मिनिटांवर आणि भाडं निम्मं. तुला आत्ता दोन्हीतलं काही ठरवायची गरज नाहीये, दिवाळीपर्यंत हॉर्न उभा कर. स्पेक्ट्रम ॲनालायझर लागला तर आमच्याकडे शनिवारी दुपारी रिकामा असतो, आधी मेसेज टाकून ये, आणि येताना एसएमएचे कनेक्टर चांगले आण, त्या स्वस्तातल्यांनी माझे दोन पोर्ट खराब केलेत.